पोर ठिवायची कुठं

“ही बोलायच्या कामाला ठिवलेली बाई हाय म्हणं, आन बोलतच न्हाई.”

हे माझ्याबद्दल होतं आणि ते एका गाईला सांगितलं जात होतं. सोजरबाई गाईच्या मानेवरचे गोचीड काढत होत्या, गाय डोळे मिटून ऐकत होती, आणि मी त्याच ताडपत्रीच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. आमच्या मध्ये फक्त उसाच्या वाढ्यांचा, शेंड्याकडच्या हिरव्या पाल्याचा, ढीग होता. मला ऐकू येत नाही असं त्यांना वाटलं असावं. किंवा ऐकू आलं तरी ही काही बोलणार नाही, अशी खात्री असावी.

“पगार कशाचा देत्यात काय की,” त्या गाईला म्हणाल्या.

गाईने कान हलवला. कानात छावणीचा पिवळा बिल्ला होता.

पावसाने सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती. कडा या गावाच्या पुढे, आष्टी तालुक्यातल्या एका गावाबाहेर, तिथल्या दूध संस्थेने चारा छावणी उघडली होती. ज्यांनी छावणी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते: मोकळ्या माळावर बांबू आणि ताडपत्र्यांच्या रांगा, त्याखाली बांधलेली जनावरं, आणि जनावरांच्या पायाशी त्यांची माणसं. प्रत्येक जनावराच्या कानात बिल्ला. सकाळी चारा मिळतो, टँकरचं पाणी मिळतं. चारा म्हणून बाहेरून ऊसच यायचा. वर्षाचे सहा महिने परमुलखात ऊस तोडणाऱ्या माणसांची जनावरं इथे बसून ऊस खात होती, आणि माणसं त्यांच्याकडे बघत दसरा कधी येतो त्याची वाट पाहत होती. दसरा झाला की तोडणीच्या टोळ्या निघतात.

माणसं छावणीत म्हणून माझी खुर्चीही छावणीत. आठवड्यातून एकदा. बाकीचे दिवस मी ग्रामीण रुग्णालयात, औषधाच्या खिडकीच्या पुढे आणि एक्स-रेच्या अलीकडे जी अरुंद खोली आहे, तिथे बसते. मी समुपदेशक आहे. वयात येणाऱ्या मुलामुलींशी आणि लहान वयात गरोदर राहिलेल्या मुलींशी बोलायचं, हे माझं काम. लोक मला ‘बोलायची म्याडम’ म्हणतात. त्यात थट्टा किती आणि आदर किती, हे मला अजून नीटसं कळलेलं नाही.

माझ्याबद्दल थोडक्यात सांगून टाकते, कारण मला ते आवडत नाही. मी औरंगाबादच्या इंग्रजी शाळेत शिकले. तिथे मराठी फक्त मराठीच्या तासाला. आई-बाबा दोघं नोकरीला, संध्याकाळी ते परत येईपर्यंत मी कडी लावलेल्या घरात एकटी. त्यामुळे मला दोन गोष्टी चांगल्या जमतात, गप्प बसणं आणि दार लावून बसणं. अशा मुलीने बोलण्याची नोकरी का धरली, असं आईने विचारलं होतं. मी काही बोलले नाही.

बाहेरच्यांना वाटतं समुपदेशन म्हणजे सल्ला देणं. सल्ला देणारी माणसं गावात कमी नसतात. माझ्या खोलीत पहिला बराच वेळ काहीच घडत नाही. मुलगी भिंतीवरची चित्रं बघते, मी तिच्या बांगड्या बघते, तिच्यासोबत आलेली बाई आम्हा दोघींकडे बघते. मग त्या बाईला काहीतरी कारण काढून बाहेर पाठवायचं. केसपेपर आणा, नाहीतर रांगेत नंबर लावून या. हा आमच्या कामातला मुख्य डाव. बाई बाहेर गेली तरी मुलगी लगेच बोलत नाही. तेव्हा आपणही बोलायचं नाही. इथे माझा स्वभाव कामाला येतो. दोन गप्प माणसांमध्ये जी आधी कंटाळते ती बोलते, आणि मी सहसा कंटाळत नाही.

वय विचारलं की उत्तर ठरलेलं असायचं. एकोणीस. आमच्याकडे सगळ्या मुली एकोणीस वर्षांच्या असतात. अठरा म्हटलं की समोरचा शंका घेतो, वीस म्हटलं तर चेहरा साथ देत नाही. एकोणीस घरून शिकवून पाठवलेलं असतं. खरं वय निघालं तर पोलिसांना कळवावं लागतं, हे प्रत्येक घराला माहीत आहे. त्यामुळे काही घरं लग्न लांबवतात आणि बरीच घरं दवाखाना टाळतात. यातलं पहिलं आमच्या मीटिंगमध्ये सांगितलं जातं. दुसरं सांगायला मी एकदा हात वर केला होता, पण तेवढ्यात चहा आला.

अश्विनीही एकोणीस वर्षांची म्हणूनच आली. सोजरबाईंची थोरली नात. तिला अठरावं नुकतंच पूर्ण झालं होतं आणि पाचवा महिना लागला होता. लग्न अर्थातच त्याआधीचं. एवढंच लिहिते, बाकीचं तिचं आहे.

तिचा नवरा विष्णू मात्र माझ्या आवडत्या माणसांपैकी. आईविना वाढलेला, उंच, वाकून चालणारा मुलगा. एकदा तो एकटाच आला आणि दारातच उभा राहिला.

“म्याडम, ती भिताड खाती.”

“काय खाते?”

“भिताड. पोपडे काढून. मी झोपलोय आसं तिला वाटतं, पर मला आवाज येतो.” त्याने खाली बघितलं. “माझं काय चुकलं का?”

मी त्याला सांगितलं की अंगात रक्त कमी असलं की कधीकधी असं होतं, गोळ्या चुकवू द्यायच्या नाहीत. तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला, म्हणजे माझं काय चुकलं न्हाई ना. पुढच्या आठवड्यापासून त्याच्या खिशात शेंगदाणे आणि गूळ असायचा. छावणीत सासऱ्यासमोर बायकोला काही द्यायची लाज वाटायची म्हणून तो ती पुडी गाईच्या दावणीत ठेवायचा आणि अश्विनी चारा टाकायच्या निमित्ताने उचलायची. एकदा गाय आधी पोचली.

अश्विनीला मुलगी झाली. ती फडावर, म्हणजे तोडणीच्या शेतात, उसाच्या पाचटात झाली नाही. कारखान्याजवळच्या दवाखान्यात झाली, आणि दोघी चांगल्या आहेत. हे आत्ताच सांगून टाकते. वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लावायला मला आवडत नाही, आणि मला ज्या गोष्टीबद्दल लिहायचं आहे ती अश्विनीची नाहीच.

आमच्याकडे येणारे सगळेच विष्णूसारखे नसतात. एक मुकादम आले होते. मुकादम म्हणजे टोळी जमवणारा, कारखाना आणि मजूर यांच्या मधला माणूस. अत्यंत सभ्य. चप्पल बाहेर काढून आत आले. त्यांना त्यांच्या टोळीतल्या एका गरोदर मुलीबद्दल चिठ्ठी हवी होती, की तिला काम झेपेल.

मी नाही म्हणून मान हलवली.

“मंग झेपत न्हाई आसं तरी लिहून द्या,” ते म्हणाले. “म्हंजी मला दुसरी जोडी बघायला बरं.”

फडावर माणूस एकटा मोजत नाहीत, जोडी मोजतात. एकाने तोडायचं, दुसरीने मोळी बांधून गाडीपर्यंत न्यायची. नवरा-बायको मिळून एक कोयता. बायको नसलेल्या मुलाला टोळीत जागा मिळणं अवघड, आणि म्हणून दसऱ्याच्या तोंडावर आमच्या भागात लग्नांची घाई होते. हे मला कुठल्याही प्रशिक्षणात कोणी सांगितलं नव्हतं. ते मला मुकादमांनी, माझ्या खोलीत अनवाणी बसून, अगदी शांतपणे समजावून सांगितलं.

प्रशिक्षणात आम्हाला ‘समस्या’ शिकवली जायची. लहान वयातलं गरोदरपण ही समस्या, त्याला कारण अज्ञान, आणि अज्ञानाला उपाय म्हणजे मी. हॉलमध्ये पडद्यावर ते फार सरळ दिसायचं. ते खोटं होतं असं मी म्हणत नाही. अश्विनीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली की आत पांढरं दिसायचं, हे खरंच होतं. पण पडद्यावर फक्त पोट दिसायचं. टँकर दिसायचा नाही.

टँकर एकदा मात्र सगळ्यांना दिसला. बाहेरून जीपने एक पथक आलं होतं, समस्या बघायला. मंदाताई त्या गावची आशा कार्यकर्ती. घरोघरी जाऊन गरोदर बायकांची काळजी घेणारी, पन्नाशीची, कोणालाही न घाबरणारी बाई. तिने छावणीतल्या आणि गावातल्या मुली गोळा करून मंडपात बसवल्या होत्या. पाहुण्या बाईंनी मुलींवरून नजर फिरवली आणि हळूच मला विचारलं, “यांच्यापेक्षा लहान नाही का कोणी?” भाजी मंडईत कोवळी भेंडी विचारतात त्या सुरात. त्यांना तसं म्हणायचं नसावं.

“हाय ना,” मंदाताई म्हणाली. “पर ती झोळीत हाय, आताच झोप लागलीय. उठवू का?”

मग माईकवर भाषण सुरू झालं. शरीराची वाढ पूर्ण झालेली नसताना, इथपर्यंत आलं आणि रस्त्यावरून टँकरचा हॉर्न वाजला. सगळ्या मुली एकदम उठल्या. पोट असलेल्या, नसलेल्या, कडेवर मूल असलेल्या. हंडे, कळशा, पेंटचे डबे घेऊन सगळ्या पळाल्या. मंडपात पाहुण्या बाई, माईक आणि मी. बाई म्हणाल्या, “आता?” मला हसू आलं, आणि ते लपवायला मी सतरंजी गुंडाळायला घेतली.

या सगळ्याबद्दल सोजरबाईंचं मत मला पथक गेल्यावर त्याच संध्याकाळी कळलं. माझ्याबद्दल गाईला सांगितलेलं मी ऐकलं, हे त्यांना आधीच कळून चुकलं होतं, कारण मी उठून गोचीड टाकायला त्यांच्यापुढे रॉकेलची वाटी सरकवली होती. तेव्हापासून त्या थेट माझ्याशी बोलायला लागल्या. मला त्या ‘माय’ म्हणायच्या. आमच्याकडे म्हाताऱ्या बायका लेकीच्या वयाच्या बाईलाही माय म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मागे वळून पाहिलं होतं.

“माय, माझं पयलं झालं तवा मी काजलएवढीच आसंल,” त्या म्हणाल्या. काजल म्हणजे अश्विनीची धाकटी बहीण, नववीत शिकणारी. “तवा गावात बत्तासे वाटले. आता तेच झालं तर जीपगाडी येती.”

“म्हणजे तेव्हा ते वाईट नव्हतं?” मी विचारलं. मी एवढं लांब वाक्य बोलले याचं मलाच नवल वाटलं.

त्यांनी गाईच्या पाठीवरून हात फिरवला. “वाईट कसं नव्हतं? दोन गेली माझी. मीबी जायालाच झालते. पर त्याला वाईट म्हणायला तवा कुणी नव्हतं. आन आता म्हणाया लई हायेत.”

ती गेलेली दोन आणि हे म्हणणारे लई, मध्ये मी.

काजलबद्दल लिहायचं तर सुरुवात तिच्या प्रश्नांपासून करावी लागेल. ती शाळा सुटली की छावणीत यायची, पाठीला दप्तर, हातात गाईसाठी कुठून कुठून उपटलेलं गवत. माझ्या खुर्चीजवळ पोत्यावर बसायची आणि विचारत सुटायची. मी लोकांना बोलतं करायचा पगार घेते, आणि मला बोलतं करायचं काम ती फुकट करायची.

“तुमचं लगीन कावून न्हाई झालं?”

“अजून नाही झालं.”

“बगितलं न्हाई का कुणी?”

“बघितलं.”

“मंग तुमाला पसंत न्हाई का त्येला?”

“दोघांनाही.”

हे उत्तर तिला फार आवडलं. ती ते संध्याकाळभर घोळवत बसली. मग एकदा तिला कळलं की मी कड्याला भाड्याच्या खोलीत एकटी राहते. त्यावर तिचा विश्वास बसेना.

“एकटीच? रातीबी?”

“हो.”

“आन कडी?”

“कडी काय?”

“कोण लावतं?”

“मीच लावते.”

“आतून?”

“आतून.”

ती गप्प झाली. काजल गप्प झालेली मी पहिल्यांदा पाहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, “मला एकदा दावा ना तुमची खोली. नुस्ती आतून बघते आन जाते.”

मी बघू म्हटलं. बघू म्हणजे नाही, हे आम्हा दोघींना माहीत होतं. माझ्या खोलीत तोपर्यंत घरमालकीण सोडून कोणी आलेलं नव्हतं. एक पलंग, एक टेबल, एक गॅस, दोन खिडक्या. दिवसभर लोकांचं ऐकून मी तिथे परत जायचे आणि कडी लावायचे, आणि कडीचा तो आवाज माझ्या दिवसातली सगळ्यात चांगली गोष्ट होती. आजही तो मला आवडतो, पण आता त्या खोलीत भाकरीही चांगली होते. भाकरी थापायला मला काजलनेच शिकवलं. ते त्या हिवाळ्यातलं.

दसरा जवळ आला. एका मंगळवारी अश्विनी माझ्या खुर्चीजवळ येऊन उभी राहिली. बसली नाही.

“शुक्रवारी काजलला बघायला पाव्हणे येणार हायेत.”

“बघायलाच ना?” मी म्हटलं. माझ्या हिशेबात बघणं, पसंती, बैठक, साखरपुडा, मग लग्न. अजून बराच वेळ होता. मी तसं म्हणालेही.

अश्विनी माझ्याकडे बघत राहिली, लहान मुलाकडे बघतात तशी. उत्तर बाजूला उभ्या मंदाताईने दिलं.

“म्याडम, हितं दसऱ्याच्या आधी कुणी नुस्तं बघत न्हाई. बघायला येत्यात, पसंत पडली की थितंच सुपारी फुटती, आन सुपारी फुटली की थितंच हळद. भटजी संगं आणलेला आसतो. रातीला पोरगी सासरी, दोन दिवसांनी फडावर.”

“माझं आसंच झालतं,” अश्विनी म्हणाली. “मी पव्हे करत होते. पाव्हणे पव्हे खाऊन जातील आसं वाटलं.” मग तिने हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर ठेवला. “माझं झालं त्ये झालं म्याडम. विष्णू चांगला हाय. पर काजलचं थांबवा.”

अडचण कुठे होती हे सांगायला हवं. काजलचे वडील श्रीमंतभाऊ. आमच्याकडे हे नाव पुष्कळ असतं. ते आणि काजलची आई, एक जोडी. विष्णू आणि अश्विनी, दुसरी जोडी. चौघांची टोळी एकच. अश्विनीचं बाळंतपण हंगामाच्या मध्यावर येणार आणि विष्णूला आई नाही, म्हणून सोजरबाईंना बरोबर जायचं होतं. एरवी त्या गावात राहायच्या आणि काजल त्यांच्याजवळ. या वर्षी घराला कुलूप लागणार होतं. काजलला फडावर न्यावं तर तिथे पाचटाच्या खोपट्या, दाराच्या जागी पोतं. वयात आलेली मुलगी घेऊन तिथे आई रात्र रात्र जागते.

मी तीन दिवस धावपळ केली. गावच्या शाळेत टोळीवाल्यांच्या मुलांची जेवणाची सोय होती, पण रात्री मुलींना ठेवत नव्हते. तालुक्याच्या मुलींच्या निवासी शाळेत जागा जूनमध्ये भरल्या होत्या. मामा दुसऱ्या टोळीत निघालेला. मंदाताई म्हणाली, “माझ्यात ठिवली आसती, पर माझी दोन पोरं लग्नाची. गाव काय म्हणंल?” अश्विनीने थांबावं असं मी सुचवून पाहिलं. ती थांबली तर विष्णूची जोडी मोडत होती. गाईची मात्र सोय झाली होती. ती छावणीतच राहणार होती, शेजारच्या दावणीचा म्हातारा तिला बघणार होता.

“म्याडम,” काजल म्हणाली, “माझ्या कानात बिल्ला मारा. मलाबी छावणीत घेत्याल.”

ती हसत होती. अश्विनीने तिच्या पाठीत धपाटा घातला आणि मग तिथेच तिचा हात पाठीवर राहिला.

मी ग्रामसेवकांना कळवलं. बालविवाह थांबवायचा अधिकार त्यांचा असतो. ते शुक्रवारी यायला लगेच तयार झाले, चांगला माणूस. मंदाताईला विचारलं, एवढ्याने थांबेल का. “आज थांबंल,” ती म्हणाली. “सायेब गेले की टेम्पो करून दुसऱ्या गावाला जात्याल. पोर ठिवायची कुठं, ह्ये मिटत न्हाई तवर कशानं थांबंल?”

एक जागा मला ठाऊक होती. तिच्याबद्दल मी विचार करायचं टाळत होते. कामातली माणसं घरी आणायची नाहीत, असं आम्हाला शिकवलेलं आहे आणि तो नियम शहाणपणाचा आहे. पण मी त्या नियमामुळे गप्प नव्हते. मला माझी खोली द्यायची नव्हती.

शुक्रवारी छावणीत सतरंजी अंथरली होती. पाहुणे सात-आठ. मुलगा विशीतला, नवा शर्ट, कॉलरला अजून दुकानाची टाचणी. तो मोबाईलकडे बघत होता आणि मोबाईल बंद होता. त्याचीही मला कीव आली. त्यालाही कोयता व्हायचं होतं.

“भटजी कुठे आहे?” मी मंदाताईला विचारलं.

“त्यो निळ्या शर्टातला. मांडीवर पिशवी हाय बगा. मुंडावळ्याचा मणी दिसतोय.”

काजल आतल्या बाजूला, गाईच्या पलीकडे, आईच्या साडीत. साडी तिला मोठी होत होती. ती माझ्याकडे बघत नव्हती. पोहे तिनेच केले होते.

ग्रामसेवक आले. ते नीट बोलले, कोणावर आवाज चढवला नाही. मुलीचं वय भरलेलं नाही, हे लग्न लागलं तर गुन्हा दाखल होईल, त्यात भटजी आणि मंडपवालेसुद्धा येतात. निळ्या शर्टाने पिशवी मांडीवरून खाली ठेवली.

“लगीन न्हाई सायेब,” श्रीमंतभाऊ म्हणाले. “पाव्हणे नुस्ते बघायला आलेत. पव्हे घ्या.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. साहेबांनी पोह्यांची बशी हातात घेतली आणि माझ्याकडे पाहिलं. मग श्रीमंतभाऊही माझ्याकडे वळले. “म्याडम, तुमीबी सांगा काय सांगायचं ते.”

मी दोन दिवस वाक्यं तयार केली होती. काजलच्या शरीराबद्दल, शाळेबद्दल, तिच्या हक्काबद्दल. सगळी बरोबर होती. ती जिभेवर आलीही. तेवढ्यात सोजरबाई बोलल्या. त्या गाईजवळच उभ्या होत्या, हात तिच्या वशिंडावर.

“मीच सांगते. हे सायेब म्हणत्यात करू नका. दवाखान्याच्या भिताडावर लिवलंय, करू नका. जीपगाडीतली बाई म्हणली करू नका. मीबी म्हणते करू नका. मी सोसलंय, मला म्हाईत हाय.” त्या थांबल्या. श्रीमंतभाऊंनी मान खाली घातली. “पर दसऱ्यापासून पाडव्यापत्तुर पोर ठिवायची कुठं, ते एक जण सांगत न्हाई. मला अश्विनीसंगं जायाचंय. घराला कुलूप. सांगा. ह्या गाईला ताडपत्री हाय, चारा हाय. माझ्या काजलला कुणाच्यात ठिवू?”

साहेब पोह्यांकडे बघत होते. पाहुणे एकमेकांकडे. मुलाने मोबाईल खिशात घातला. मंदाताईने पदर तोंडाला लावला. गाय वाढं चघळत होती, तेवढाच आवाज.

मला ती शांतता ओळखीची होती. रुग्णालयातल्या माझ्या खोलीत रोज असते ती. दोन गप्प माणसांत जी आधी कंटाळते ती बोलते, आणि समोरचा बोलेपर्यंत मी थांबू शकते, कितीही. इथे मी थांबले असते तर निळ्या शर्टाने पिशवी परत मांडीवर घेतली असती.

काजलने मान वर केली. ती मला काही विचारत नव्हती. विचारायचं ते तिने आधीच विचारून झालं होतं, आणि मी बघू म्हटलं होतं.

“माझ्याकडे ठेवा,” मी म्हणाले. आवाज इतका बारीक आला की सोजरबाईंनी “काय माय?” केलं, म्हणून मी उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा म्हणाले, “काजलला माझ्याकडे ठेवा. माझ्या खोलीला आतून कडी आहे.”